पानांतले आम्ल आणि पुरुषबीज

भिलाईसारख्या पोलादाच्या नगरीत पालेभाजीविषयी बोलावयास उभे राहणे थोडे चमत्कारिकच. परंतु माझा विषय भाजीतूनच निघतो. १९४१ साली पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे करण्यात आले. पानाला लॅटिनमध्ये जो शब्द आहे, त्यावरून त्याला ‘फॉलिक आम्ल’ म्हणू लागले. अनुवाद करताना मी प्रथम ‘पर्णाम्ल’ लिहिले होते. त्या नावाने औषधाच्या दुकानात काहीच मिळणार नाही, हे ध्यानी आल्यावर खोडले.

या द्रव्याची चाहूल मात्र मुंबईत लागली होती. लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली तेथे आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गर्भवती स्त्रियांचा पंडुरोग यीस्टच्या स्वस्त अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले.

फोलेटचे काम हमालाचे. एकेका कार्बन अणूचा भार ते एका रेणूवरून उचलून दुसऱ्यावर ठेवते. हा भार पोहोचला नाही, तर पेशीला आपल्या आनुवंशिक द्रव्याची प्रत काढता येत नाही. जेथे पेशींचे विभाजन अखंड चालते, तेथे ही उणीव आधी जाणवते: अस्थिमज्जेत, तसेच वृषणातही. तेथे रोज कोट्यवधी शुक्रजंतू घडतात आणि त्या घडणीस सुमारे ७४ दिवस लागतात.

मग गोळी घेतली की झाले? २००२ साली नेदरलँड्समधील एका प्रयोगात फॉलिक आम्ल व जस्त एकत्र दिल्यावर निर्दोष शुक्रजंतूंची संख्या वाढलेली दिसली आणि आशा पल्लवित झाली. परंतु २०२० साली अमेरिकेतील २,३७० जोडप्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष आला: सहा महिने औषध देऊनही ना वीर्य सुधारले, ना अपत्यजन्माचे प्रमाण वाढले. उलट शुक्रजंतूंतील आनुवंशिक द्रव्य तुटण्याचे प्रमाण किंचित अधिकच आढळले. रिकामे भांडे भरता येते. भरलेल्यात ओतून काय होणार?

आपल्याकडे पाळणा हलला नाही की पहिली तपासणी सुनेची. मुलाच्या हाती कोणी ‘ताकदीच्या’ गोळ्या देतो आणि वीर्यतपासणी वर्षानुवर्षे टळते. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी तापमान लागते. तेव्हा भट्टीसमोर उभे राहणाऱ्याने आपल्या कामाचे स्वरूप डॉक्टरांना अवश्य सांगावे. आणि घरी लाल भाजी उकडून तिचे पाणी मोरीत ओतू नये. फोलेटचा बराच अंश त्या पाण्यातच उतरलेला असतो.