पुरानंतरची शाळा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



२००५, २०१९ व २०२१ या वर्षी कृष्णा-पंचगंगेच्या महापुराने शिरोळ तालुक्यास वेढले, हे आपणांस विदितच आहे. अशा समयी नदीकाठच्या माणसास आधार मिळतो तो उंचावरील शाळेचा. तेथे एका पंगतीस बसताना कोणी कोणाची ज्ञाती विचारीत नाही. मात्र पाणी ओसरले की शाळेचा विसर पडतो. जी शाळा स्वतःच पुरात सापडते, तिची स्थिती तर अधिकच शोचनीय: वर्गांत चिखल, पुस्तकांचा लगदा आणि भिजलेली दाखल-खारीज नोंदवही. तिच्यातील जन्मतारखेच्या व जातीच्या नोंदींवरच आपल्या मुलांचे दाखले अवलंबून असतात. ती नष्ट झाली, तर पुढल्या पिढीचा पुरावाच वाहून गेला म्हणावयाचे.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, आपल्या शिक्षणनिधीचा काही अंश ज्ञातीच्या विद्यार्थ्यांपुरताच न ठेवता अशा शाळांस द्यावा. उंच जागी एक लोखंडी कपाट आणि नोंदवहीची दुसरी प्रत, एवढ्यापासून आरंभ करावा. ज्या छपराखाली आपण सर्वांसमवेत निजलो, त्याचे ऋण एकट्या ज्ञातीपुरते देऊन फिटणारे नाही.