तिनं कोंबडी परत ठेवली होती

(वस्त्यांमध्ये चित्रपट दाखवून चर्चा घेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातलं भाषण, थोडं आवरून.)



मूकपटांच्या चांगल्या डीव्हीडी कशा निवडाव्यात, यावर मला बोलायला सांगितलंय. विषय ऐकून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. रेशन, मारहाण, कोर्टाच्या तारखा सोडून हे काय मध्येच, असं वाटणारच. मलाही वाटलं असतं. पण माझ्या हातून एक चूक झाली, तिथून सांगते.

आमच्या वस्तीत आम्ही महिन्यातून एकदा चित्रपट दाखवतो. मूकपट दाखवायचं ठरवलं त्याला साधं कारण होतं. परदेशी बोलपट दाखवला की खाली धावणाऱ्या ओळी निम्म्या बायकांना वाचता येत नाहीत. मूकपटात अधूनमधून पाटी येते, ती आपल्यातल्या एकीनं मराठीत मोठ्यानं वाचायची, की झालं. मी लोइस वेबर या अमेरिकन दिग्दर्शिकेचा ‘द ब्लॉट’ निवडला, 1921 सालचा. आणि पैसे वाचवायचे म्हणून मिळाली ती सगळ्यात स्वस्त डीव्हीडी घेतली. तिच्या वेष्टनावर नटीचा मोठा फोटो होता, दिग्दर्शिकेचं नाव कुठेच नव्हतं. तिथंच मी शहाणं व्हायला हवं होतं.

गोष्ट एका प्राध्यापकाच्या घरातली आहे. मान मोठा, पगार तुटपुंजा. शेजारचा चांभार मात्र उत्तम कमावतो, त्याच्या स्वयंपाकघरात रोज भरलेली ताटं. प्राध्यापकाची मुलगी आजारी पडते, तिला सकस खायला घालायचं तर घरात काही नाही. आई शेजारच्या स्वयंपाकघरातली कोंबडी उचलते. क्षणभरच. लगेच तिचं मन खातं, आणि ती कोंबडी होती तिथं परत ठेवते. मुलीनं खिडकीतून उचलताना तेवढं पाहिलेलं असतं, ठेवताना नाही. पुढची सगळी तगमग त्या न पाहिलेल्या क्षणातून येते.

आमच्या प्रतीत ती आई किल्ली दिलेल्या बाहुलीसारखी तुरुतुरु पळत होती. मागे सर्कशीला शोभेल असा पियानो. बायका खो खो हसल्या. आणि चित्र इतकं पांढरं फटक, की परत ठेवण्याचा क्षण कुणालाच दिसला नाही. चर्चेत सगळ्यांचं एकमत झालं: पोरीसाठी केली तरी चोरी ती चोरीच.

एक मावशी मात्र गप्प होत्या. चार घरची धुणीभांडी करतात. एका घरी त्यांच्यावर चोरीचा आळ आला होता, वस्तू पुढे त्याच घरात सापडली. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “ताई, त्या बाईनं नेली का हो खरंच? परतताना तिचे हात मला रिकामे वाटले.”

मला उत्तर देता आलं नाही. मी समाजकार्यात एम.ए. केलंय, केस लिहिताना स्वतः पाहिलेलं आणि ऐकीव वेगळं लिहावं हे मला दोन वर्षं शिकवलं गेलंय. आणि इथं मी चाळीस बायकांना एका बाईबद्दल खोटा पुरावा दाखवला होता!

मग मी या गोष्टीच्या मागे लागले. पहिलं कळलं ते वेगाचं. त्या काळी कॅमेरा बहुधा हातानं फिरवत. सेकंदाला 16, 18, 20 अशी चित्रं टिपली जात, सगळीकडे सारखी नाहीत. बोलपट आल्यावर 24 हे प्रमाण ठरलं. जुनी फिल्म 24 ने पळवली की माणसं उड्या मारतात आणि वाचून होण्याआधी पाटी निघून जाते. म्हणून वेष्टनावरच्या मिनिटांवरून फसू नका. कार्ल ड्रायरचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (1928) घ्या: 20 च्या वेगानं तो 97 मिनिटं चालतो, 24 च्या वेगानं 81. काही कापलेलं नाही, फक्त पळवलेलं आहे. कुठला वेग बरोबर यावर जाणकारांतही वाद आहेत. क्रायटेरियनच्या 2018 च्या ब्लू-रेवर दोन्ही दिलेत, आपलं आपण ठरवावं.

दुसरं, प्रत कुठून आली. जोनचीच कथा पाहा. मूळ निगेटिव्ह बर्लिनमध्ये जळाली. 1951 मध्ये जी आवृत्ती फिरवली गेली तिच्यात संगीत चिकटवलं होतं आणि ध्वनिपट्टीला जागा करायला चित्राची डावी कड छाटली होती. म्हणजे खटला भरलेली बाई, आणि तिच्या चेहऱ्याच्या बाजूची चौकटच कमी केलेली. 1981 मध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात जुनी चांगली प्रत सापडली. तेव्हा डीव्हीडी घेताना कोणत्या संग्रहालयातली प्रत, कुणी दुरुस्त केली, संगीत कुणाचं, हे छापलंय का ते बघा. ज्यांनी काम केलेलं असतं ते लपवत नाहीत. नुसतं ‘डिजिटल’ आणि ‘क्लासिक’ लिहिलेलं असेल तर ठेवून द्या.

वेबरचाच ‘शूज’ (1916) ॲमस्टरडॅमच्या आय संग्रहालयानं दुरुस्त केला, तो माइलस्टोननं काढलाय. फाटक्या बुटांनी दिवसभर उभी राहणारी दुकानातली मुलगी, तिच्या पगारावर सगळं घर. आपल्या समाजकार्याच्या जेन ॲडम्सबाईंच्या पुस्तकातून तो निघाला. 1932 मध्ये याच चित्रपटाची कापाकापी करून, वर टवाळ निवेदन घालून विनोदी लघुपट केला होता! म्हणजे आमच्या वस्तीतलं हसू काही पहिलं नव्हतं. अनेकींचं काम एकत्र हवं असेल तर फ्लिकर ॲलीचा 2017 चा आणि किनो लॉर्बरचा 2018 चा, असे स्त्री-दिग्दर्शिकांचे दोन संच आहेत. महाग आहेत. चार गटांनी मिळून घ्यावेत.

घेण्याआधी विभाग तपासा. डीव्हीडीत भारताचा आकडा 5, अमेरिकेचा 1. ब्लू-रेत आपण सी, अमेरिका ए. ‘सर्व विभाग’ लिहिलेली घ्या, नाहीतर आपल्या यंत्रावर पडदा काळाच राहील. आणि टीव्हीवर चित्र ताणून रुंद करायची सोय असते, ती बंद करा. मूकपटाचं चित्र जवळजवळ चौकोनी असतं, दोन्ही बाजूंना काळं राहू दे.

आपल्याकडच्या फातमा बेगमनं 1926 मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ काढला, भारतातली पहिली स्त्री-दिग्दर्शिका. त्याची एकही प्रत आज माहीत नाही. तिथं चांगली-वाईट निवडायचा प्रश्नच उरत नाही.

पुढे माइलस्टोनची ‘द ब्लॉट’ मिळवली आणि त्याच बायकांना पुन्हा दाखवली. “पाहिलाय की तो” म्हणत आल्या. या वेळी आई पळाली नाही, चालली. तिचा हात थबकला ते दिसलं. कोंबडी जागेवर गेली, तेव्हा मावशी अंधारातून मोठ्यानं म्हणाल्या, “ठेवली! मी म्हटलं नव्हतं?”

चर्चा रात्री साडेदहापर्यंत चालली. विषय एकच: पोरीनं आईला नुसतं विचारलं का नाही?