पित्याचे उत्तरदायित्व



घरात अनपेक्षित गर्भधारणेचा प्रसंग ओढवला की आपण जाब विचारतो तो मुलीला. ज्योतिराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते अशाच विधवांसाठी. पुरुष मात्र उजळ माथ्याने वावरत होते.

आम्ही शिक्षक असताना एका हुशार विद्यार्थिनीचे नाव याच कारणाने पटावरून गेले. मुलगा परीक्षेस बसला. त्याचे वडील वर्तणुकीचा दाखला मागावयास आले, आणि तो आम्ही लिहून दिला! ती बोचणी अद्याप आहे.

कायदा आमच्याहून न्यायी आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने अनौरस अपत्याच्या पोषणाचा भार आईप्रमाणे पित्यावरही टाकला आहे. विवाह झाला नव्हता, ही सबब चालत नाही. पितृत्व अमान्य असल्यास न्यायालयात तसे मांडण्याचा हक्क त्यास आहे. परंतु १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यानुसार संमती लागते ती सज्ञान स्त्रीची, पतीचीही नव्हे. तेव्हा तिच्यावर बळजबरी करण्याचा अधिकार कोणासही नाही.

मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर तो गुन्हाच. तेथे मंडळाने मिटवामिटव करू नये. इतर प्रकरणांत प्रथम मुलास व त्याच्या वडिलांस बोलवावे, एवढीच आमची विनंती आहे.