केंदाळाला खायला कोण घालतं?

(लातूर येथे भरलेल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



मी नांदेडची, शाळेत विज्ञान शिकवते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, हे मी तुम्हाला काय सांगणार! घरात आलेल्या घागरींचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. मोरीतून बाहेर गेलेल्या पाण्याचा मात्र कुणीच ठेवत नाही. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आमच्याकडे नाल्यांचं सांडपाणी गोदावरीत मिसळतं आणि पात्रात जलपर्णी माजते, म्हणजे आपलं केंदाळ. मूळची दक्षिण अमेरिकेची. मानवलं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. फुलं जांभळी, देखणी. पण खाली ऊन पोचत नाही, पाण्यात हवा मिसळत नाही, मासे गुदमरतात, डास वाढतात. मग ओरड होते आणि केंदाळ काढायचं काम निघतं. शंभर किलो ओल्या केंदाळात पंच्याण्णव किलो नुसतं पाणीच असतं. एवढं ओझं उपसून काठावर टाकायचं आणि पहिल्या पावसात ते परत नदीत! हे काम करणाऱ्या एका बाईनं मला विचारलं, "बाई, दरसाल काढतो, दरसाल येतं. ह्याला खायला कोण घालतं?"

आपणच घालतो. मैला, साबणाचं पाणी, शेतातून वाहून आलेलं खत, ह्यांतला नायट्रोजन आणि फॉस्फरस हे त्याचं जेवण. केंदाळ हे दुखणं नाही, दुखण्याचा ताप आहे.

आता काठावरचं पाणकणीस आठवा. त्याच्या पोकळ जाळीदार देठातून हवा मुळांपर्यंत उतरते आणि भोवतालच्या चिखलात थोडी झिरपते. तिथले जिवाणू सांडपाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. दोन बोटं पलीकडे, हवा नसलेल्या गाळात, दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. देठांच्या दाटीत पाण्याचा वेग मंदावतो आणि गढूळ खाली बसतं. खरं काम चालतं ते मुळांपाशी, चिखलात, कुणाला न दिसता. (अशा कामाची कदर किती होते ते आपण जाणतोच.)

फॉस्फरस मात्र उडून जात नाही. तो गाळातल्या लोहाला धरून बसतो, आणि गाळातली हवा संपली की सुटून पुन्हा पाण्यात येतो. केंदाळाचं झाकण पसरलं, ते कुजून तळाला गेलं की नेमकं हेच होतं. म्हणून नाला उद्या बंद केला तरी जुना गाळ काही वर्षं नदीत तेच जेवण वाढत राहतो.

१९५०च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल ह्या शास्त्रज्ञ बाईंनी पाणवनस्पतींनी सांडपाणी स्वच्छ करण्याचे प्रयोग केले. सांडपाण्याच्या तज्ज्ञ मंडळींना ते पटेना. बाई मागे हटल्या नाहीत. पुढे नागपूरच्या नीरी संस्थेनं ह्याच तत्त्वावर 'फायटोरिड' पद्धत बसवली. खडीच्या वाफ्यात पाणकणीस, कर्दळ लावायची आणि सांडपाणी त्यातून सावकाश जाऊ द्यायचं. वीज फारशी लागत नाही.

पण नुसती झाडं लावून भागत नाही. वाढलेली कापून दूर नेली नाहीत तर त्यांनी शोषलेलं सगळं कुजून परत पाण्यात. कारखान्याचं पाणी येत असेल तर जड धातू मुळांत आणि गाळात साठतात. तिथला पाला जनावरांना घालू नका. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांचा गाळ शेतात जातो, ते चांगलंच. शहराच्या नाल्याचा गाळ मात्र तपासल्याशिवाय भाजीच्या वाफ्यात नको.

म्हणून केंदाळ काढायचं काम पुन्हा निघेल तेव्हा वॉर्डात, ग्रामसभेत विचारा: काढलेलं कुठे नेणार? पाण्यात उतरणाऱ्या बायांना गमबूट, हातमोजे, पूर्ण मजुरी मिळणार का? आणि वरचा नाला? त्याचं काय?

आमच्या वस्तीच्या नाल्यावर लहानसा वाफा करून पाहावा, अशी मागणी आम्ही लेखी दिली आहे. उत्तर आलेलं नाही. जागा आम्ही पाहून ठेवली. तिथं बेशरम माजली आहे, ती आधी काढावी लागेल. नांदेडला याल तेव्हा विळे घेऊन या.