तपासणी नॉर्मल, तरी पोट का दुखतं?

आमच्या गटाच्या बैठकीतून एक ताई सारख्या उठून जायच्या. एकदा विचारलं, तर डोळे भरून आले. त्यांच्या परवानगीनंच सांगते. म्हणाल्या, "पोटात कळ आली की धावावं लागतं. बाजाराच्या दिवशी मी उपाशीच निघते. तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. घरचे म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ."

डॉक्टरांनी त्यांना आयबीएस सांगितला आहे. यात आतड्याला जखम किंवा गाठ दिसत नाही. पण पोट दुखतं, फुगतं. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ.

मग हे दुखणं येतं कुठून? आपल्या आतड्यात कोट्यवधी मज्जापेशी असतात. आतडं आणि मेंदू यांचं सतत बोलणं चालू असतं. आयबीएसमध्ये आतड्यातली साधी हालचालही मेंदूला वेदना म्हणून पोचते.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 साली आयबीएस असलेल्या बायका आणि पुरुषांचे मेंदू तपासले. आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा फुगवून त्यावर ताण दिला आणि त्याच वेळी मेंदूची चित्रं घेतली. बायकांमध्ये भावनांशी जोडलेले भाग जास्त जागे झाले. पुरुषांमध्ये विचार करणारे आणि वेदना दाबणारे भाग जास्त जागे झाले.

आता कुणी म्हणेल, "बघा, बायका हळव्याच!" तसं नाही हं. वेदना खरीच आहे, यंत्रावर दिसते आहे. फक्त ती हाताळायची मेंदूची वाट वेगळी आहे. हा फरकही सरासरीचा. प्रत्येक बाईला तो लागू होईलच असं नाही.

मग आपण काय करायचं? हिशेबाची वही आपण ठेवतोच. तशीच पोटाची वही दोन आठवडे ठेवा. कधी दुखलं, काय खाल्लं, झोप किती, पाळीची तारीख. पाळीच्या दिवसांत अनेकींचा त्रास वाढतो. ही वही डॉक्टरांना दाखवा.

मात्र शौचातून रक्त पडलं, वजन घटलं, अंगात रक्त कमी निघालं, रात्री दुखण्यानं जाग आली किंवा पन्नाशीनंतर नव्यानं त्रास सुरू झाला, तर थांबू नका. लगेच दाखवा.

त्या ताईंनी वही सुरू केली आहे. आणि बैठकीत आम्ही त्यांची जागा दाराजवळ ठेवली आहे. कधीही उठा, कुणी विचारणार नाही. तुमच्या गटातही अशी एक जागा ठेवाल ना?