कान, नाक, घसा : दुर्लक्ष नको
(कामरगाव येथे सभासद व विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून आहे. म्हणून औषधांची नावे सांगणार नाही. घरी काय करू नये आणि दवाखान्यात केव्हा जावे, एवढेच सांगतो.

नाकाच्या मागच्या भागातून एक बारीक नळी मधल्या कानापर्यंत जाते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दीचा जंतुसंसर्ग सहज कानात पोचतो. तेथे पू साचतो, कान ठणकतो आणि पडद्याला छिद्र पडून पू बाहेर येतो. ठणका थांबला की घरच्यांना हायसे वाटते, पण रोग बरा झालेला असतोच असे नाही. तान्ह्या बाळाला सपाट आडवे ठेवून दूध पाजू नये, डोके थोडे उंच धरावे, ते यासाठीच.

कान फुटला की कोमट तेल, लसणाचे तेल किंवा पाल्याचा रस घालण्याची रीत आपल्याकडे अजूनही आहे. ती सोडली पाहिजे. छिद्रातून हे सारे थेट मधल्या कानात जाते, रोग वाढतो, बुरशीही धरते. वाहता कान कोरडा ठेवावा. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवावा. विहिरीत, तलावात पोहू नये. पुवाला घाण वास येत असेल, चक्कर येत असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा डोके फार दुखत असेल, तर एक दिवसही थांबू नये. या रोगाचा एक प्रकार हाड पोखरतो आणि मेंदूपर्यंत पोचू शकतो.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गात एखादा मुलगा पुन्हा पुन्हा "काय?" विचारतो, श्रुतलेखनात चुकतो, हाक मारली तरी वळत नाही. त्याला आपण मठ्ठ म्हणतो आणि तो मागच्या बाकावर जातो. त्याला कमी ऐकू येत असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. शिक्षणाच्या बळावर उभ्या राहिलेल्या आपल्या समाजाला एकही मूल असे मागे टाकणे परवडणार नाही.

आता नाक. घोळणा फुटला तर डोके मागे टाकू नये. पुढे वाकून बसावे, नाकाचा मऊ भाग 10 मिनिटे न सोडता दाबून धरावा व तोंडाने श्वास घ्यावा. मुलाने नाकात हरभरा किंवा तुरीचा दाणा घातला तर चिमट्याने ओढू नये, तो आत सरकतो. घड्याळाचा सेल असेल तर तात्काळ दवाखाना गाठावा, तो काही तासांतच आतला भाग जाळतो.

मुलांचा घसा वारंवार दुखून ताप येत असेल तर तपासून घ्यावे. घशाच्या एका जंतुसंसर्गातून पुढे हृदयाच्या झडपा बिघडू शकतात. मोठ्यांचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसला, घास गिळताना अडकू लागला किंवा मानेत गाठ आली, तर कर्करोगाची तपासणी करावी. तंबाखू, बिडी, खर्रा यांनी हा धोका वाढतो. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण तोंडावर बंदी आपली आपणच घालायची असते.

वरातीत, मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे लेकरांना नेऊ नका. आतल्या कानातील ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

उपचाराची सोय आहे. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांत येऊन मुले तपासतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पुढील उपचारासाठी वाशीमचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पडद्याचे छिद्र शस्त्रक्रियेने बुजवता येते.

शेवटी संस्थेला एक विनंती. दरवर्षी शाळा उघडल्यावर कान वाहणाऱ्या मुलांची यादी करावी. ज्यांच्या आईबापांना मजुरी बुडवून जाणे जमत नाही, त्यांच्या मुलांना आपल्यापैकी कुणीतरी दवाखान्यात न्यावे. माझे नाव त्या कामासाठी आजच लिहून घ्या.