शेकोटीत काय घालता?



मार्गशीर्ष लागला की नांदेड-लातूरकडं दिवस मावळताच गल्लीच्या तोंडाला शेकोट्या पेटतात. महापालिकेची किंवा सोसायटीची मनाई नसेल, तर चार वाळकी लाकडं पेटवून हात शेकायला हरकत असायचं कारण नाही. गडबड होते ती लाकडं संपल्यावर. मग कुणी सायकलचं टायर आणतं, कुणी कॅरीबॅगा, कुणी झाडून काढलेला पाला. इथं शेकोटी संपली आणि कचरा जाळणं सुरू झालं. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या प्रकाराला 5,000 रुपये भरपाई, मोठा ढीग पेटवला तर 25,000. जाळणारी खुद्द नगरपालिका असली तरी तिला हे लागू आहे. सकाळी गोळा केलेला पाला जागीच पेटवून मोकळं होणाऱ्यांनी हे जरा कान देऊन ऐकावं. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्यांनीही. त्या वेष्टणाच्या धुरात डायऑक्सिनसारखी विषं असतात, आणि शेकणारी पोरं तोंड पुढं करून बसलेली असतात.

आग सांभाळायची रीत आपल्याकडं जुनी आहे. हुरड्याची आगटी बघा. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्या, जाळ बसून इंगळ फुलला की मग कणसं. आग खाली असल्यानं तिला वारा कमी लागतो, ठिणगी सहसा उडत नाही. आता हुरडा पार्टीत फोटोसाठी तुराट्या-पऱ्हाट्यांचा भडका करतात, तोही कडब्याच्या गंजीला लागून! ही हौस मला तरी कळत नाही. आगीच्या बाबतीत हयगय करून कुणाच्या जिवाला धोका केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. उठताना आगटीत पाणी ओता, काठीनं राख उकरा, पुन्हा ओता. आग हाताबाहेर गेली तर 101 किंवा 112.

अंगणातले निखारे घमेल्यात भरून खोलीत नेऊ नका. धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वासही नाही; झोपेतल्या माणसाला पत्ताच लागत नाही. बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून शेगडी ठेवणाऱ्या आजींनाही हेच सांगायचं. शेकायला गरम पाण्याची पिशवी घ्या आणि शेगडी ओसरीबाहेर ठेवा.